व्हिएन्नाचा बेल्व्हेडेर राजवाडा: टूरवाल्यांच्या पाऊण तासात न मावणारा

संभाजीनगर, लातूर, नांदेडहून निघणाऱ्या युरोप टूरच्या पत्रकात व्हिएन्नाच्या दिवसापुढे 'बेल्व्हेडेर पॅलेस' असं छापलेलं असेल, तर पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा: आतलं तिकीट धरलंय का, आणि धरलं असेल तर वरच्या महालाचं की खालच्या? बागेत जायला तिकीट लागत नाही. त्यामुळे बस थांबवून, कारंज्यापुढे ग्रुप फोटो काढून तुम्हाला परत गाडीत बसवलं तरी पत्रकातला शब्द पाळला गेला असं होतं. तक्रारीला जागाच राहत नाही.

बेल्व्हेडेर म्हणजे एका उतारावर समोरासमोर बांधलेले दोन महाल. तुर्कांविरुद्धच्या लढायांत नाव कमावलेला सेनापती प्रिन्स यूजीन याने ते वास्तुकार हिल्डेब्रान्टकडून बांधून घेतले. खालचा आधी झाला, उन्हाळ्यात राहण्यासाठी. वरचा १७२३ मध्ये पुरा झाला, तो मेजवान्यांसाठी आणि पाहुण्यांचे डोळे दिपवण्यासाठी. यूजीन गेल्यावर १७५२ मध्ये ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसाने दोन्ही विकत घेतले आणि १७८१ पर्यंत शाही चित्रसंग्रह वरच्या महालात लावून तो लोकांना खुला झाला. म्हणजे लोकांनी चित्रं बघायला इथे यायची पद्धत सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. राजा-राणीचे पलंग, जेवणाची भांडी, पडदे असलं काही बघायचं असेल तर व्हिएन्नातल्याच शोनब्रुन राजवाड्याला जा. इथे ते नाही. 'राजवाडा म्हणाले आणि नुसती चित्रंच दाखवली' ही कुरकुर निघते ती इथूनच.

तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. शोधल्यावर सगळ्यात वर बऱ्याचदा दलाल साइट येतात आणि त्या वर आपलं कमिशन लावतात. वरचा महाल, खालचा महाल आणि 'बेल्व्हेडेर २१' अशी तिकिटं वेगवेगळी आहेत, शिवाय एकत्रही मिळतात. तिसरी जागा आधुनिक कलेची, १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी उभारलेल्या ऑस्ट्रियन मंडपात. पहिल्या फेरीत ती सोडली तरी चालेल. १९ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पोरांच्या वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या. वरच्या महालाच्या तिकिटावर वेळ असते, पण ती आत शिरण्याची. एकदा आत गेलात की बंद होईपर्यंत बसा, कुणी उठवत नाही. सकाळची पहिली वेळ किंवा दुपार कलल्यावरची घ्या. मधल्या वेळेत बसगाड्या रिकाम्या होतात आणि चित्रकार क्लिम्टच्या दालनात पाय ठेवायला जागा उरत नाही. तिकिटाची पीडीएफ हॉटेलच्या वायफायवरच उतरवून ठेवा, दारात उभं राहून रोमिंगशी झटापट नको.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पत्त्याचा. दोन्ही महालांची दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत. नकाशात नुसतं 'बेल्व्हेडेर' टाकून माणसं रेनवेग रस्त्यावरच्या खालच्या दाराशी उतरतात आणि मग वरच्या महालाची वेळ गाठायला चढाच्या खडीवरून म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन धावतात. उलटं करा. रिंग रस्त्यावरून डी नंबरची ट्राम पकडून 'श्लोस बेल्व्हेडेर' थांब्यावर उतरा, वरचा महाल बघा, बाग उतरत खाली या आणि रेनवेगवरून ७१ नंबरच्या ट्रामने परत शहरात जा. सगळी चाल उताराची होते. रेल्वेने येत असाल तर मुख्य स्टेशनपासून वरचा महाल पायी १५ मिनिटांवर आहे.

आत गेल्यावर मोठी सॅक आणि छत्री सामानघरात ठेवावी लागते. फोटो चालतात, फ्लॅश आणि सेल्फी स्टिक चालत नाही.

तळमजल्यावरच्या साला तेरेना या दालनातून लोक जिन्याकडे पळतात. थांबा. छताचा भार पाठीवर घेतलेले चार दगडी पुरुष मूळ आराखड्यात नव्हतेच. दालन मोकळं होतं, आणि १७३२-३३ च्या हिवाळ्यात छत कोसळायच्या बेतात आलं. तेव्हा आधाराला चार खांब घालावे लागले आणि खांब म्हणून दिसू नयेत यासाठी त्यांचे हे पुरुष झाले. दुरुस्तीच शोभेची करून टाकणं, ही बरोक या भपकेदार शैलीच्या काळाची खरी ओळख. त्यांच्या दंडाचे, मानेचे ताणलेले स्नायू जवळून बघा. प्रत्येकाची ओझं पेलायची ढब निराळी आहे.

पहिल्या मजल्यावरचा संगमरवरी दिवाणखाना दोन मजले उंच आहे. १५ मे १९५५ रोजी ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणारा करार इथेच झाला, महायुद्धानंतर चार देशांचं सैन्य दहा वर्षं तळ देऊन होतं, त्यानंतर. उत्तरेकडच्या खिडक्यांतून पायऱ्यापायऱ्यांची बाग आणि मागे सेंट स्टीफन चर्चचा मनोरा दिसतो. हा देखावा इतका मोलाचा मानतात की जवळच्या उंच इमारतीच्या बेतावरून युनेस्कोने २०१७ मध्ये शहराचा जुना भाग धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकला.

क्लिम्टचं 'द किस' याच मजल्यावर आहे. १९०७-०८ चं चित्र, १८० बाय १८० सेंटिमीटर, अगदी चौरस. मोबाइल उंचावलेल्या हातांच्या मागे उभं राहून सोन्याचा नुसता पिवळा पट्टा दिसतो. गर्दी ओसरेपर्यंत वाट बघा, मग बाजूला सरकून तिरकं बघा. वर्ख उजेडाप्रमाणे पालटतो आणि रंग कुठे संपला, सोनं कुठे सुरू झालं ते कळतं. पुरुषाच्या वस्त्रावर काळे-पांढरे आयत, बाईच्या वस्त्रावर गोल फुलं. तिची पावलं मात्र फुलांच्या कडेवरून खाली निघालीत, बोटं आवळून धरलेली. हे छापील प्रतीत निसटतं. क्लिम्टचे वडील सोन्यावर कोरीवकाम करणारे कारागीर होते, हे ठाऊक असलं की बघण्यात फरक पडतो. त्याने काढलेलं अडेले ब्लॉख-बाउअर या बाईंचं सोनेरी चित्र मात्र इथे शोधू नका. नाझींनी लुटलेलं ते चित्र २००६ मध्ये वारसांना परत गेलं, आता ते न्यूयॉर्कला असतं.

आमच्या मते खरा ऐवज त्याच मजल्यावर पुढे आहे, चित्रकार शीलेची चित्रं. 'फॅमिली' १९१८ चं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर इन्फ्लुएंझाने आधी त्याची गरोदर बायको गेली आणि तीन दिवसांनी तो. पोरं कंटाळली असतील तर त्यांना शिल्पकार मेसरश्मिटचे अठराव्या शतकातले वेडेवाकडे चेहरे शोधायला लावा: कुणी ओठ आवळलेला, कुणी जांभई देणारा. फ्रेंच चित्रकार दाविदने काढलेलं घोड्यावरच्या नेपोलियनचं चित्रही इथे आहे, त्याच्या पाच प्रतींपैकी एक.

वरच्या महालाला तीन तास द्या. खालच्याला दीड पुरतो, तोही यूजीनचं सोनेरी दालन आणि भित्तिचित्रांचं दालन बघायचं असेल तर. बाकी तिथे फिरती प्रदर्शनं असतात. त्या वेळचं प्रदर्शन आवडीचं नसेल तर ते पैसे वाचवा.

बागेबद्दल एक सूचना. बीबी का मकबऱ्याची चारबाग सपाट आहे, मधल्या पाण्याच्या रेषेवरून इमारत हळूहळू जवळ येते. इथे मधली रेषा तीच, पण उतारावर, त्यामुळे खालून बघताना वरचा महाल आहे त्याहून उंच वाटतो. उतरताना अधूनमधून मागे वळा. सावली जवळजवळ नाही आणि उन्हाळ्यात पारा ३० च्या वर जातो. मराठवाड्याच्या माणसाला ३२ म्हणजे काय, असं म्हणून टोपी हॉटेलवर ठेवू नका. पांढऱ्या खडीवरून ऊन परतून तोंडावर येतं. हिवाळ्यात कारंजी बंद असतात.

बाटली नळावर भरा, व्हिएन्नाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं आहे. शाकाहारी लोकांनी शेंगदाण्याची चटणी आणि पोळ्या जवळ ठेवाव्यात, खायच्या मात्र बाहेर बाकावर बसून. तूप आणि कुंथलगिरीचे पेढे घरीच राहू द्या; बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपीय संघात बंदी आहे आणि ते विमानतळावर काढून घेतात. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, मुख्य स्टेशनातलं उघडं मिळतं. आणि ट्रामचं कागदी तिकीट चढल्याबरोबर यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तिकीट हातात असूनही दंड होतो.