शार्लोट पेरियां यांच्या घरात पाच महिने

नवऱ्याच्या कामामुळे डिसेंबर ते एप्रिल आम्ही दोघं फ्रेंच आल्प्समध्ये राहिलो. ‘लेझ आर्क’ ही बर्फावर घसरायला येणाऱ्यांची वसाहत, त्यातलं आर्क १८००. सत्तरच्या दशकातली इमारत, भाड्याची एकच खोली, जेमतेम तीनशे चौरस फूट. दार उघडलं तेव्हा पोटात गोळाच आला होता. आता परत आलेय, तर त्या खोलीतला ओटा डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या ओट्याची एक बाजू खोलीकडे उघडी. कणीक मळताना समोर नवरा, आलेली माणसं, आणि त्यांच्या मागे काचेतून पांढरा डोंगर. माझ्या आईचं अर्धं आयुष्य भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापण्यात गेलं; पाहुण्यांचं हसणं तिला मागच्या खोलीतून ऐकू यायचं, विषय मात्र कळायचा नाही. ही खोली आखणाऱ्या फ्रेंच वास्तुरचनाकार शार्लोट पेरियां यांनी नेमका हाच विचार केला होता. स्वयंपाक करणारी बाई एकटी पडू नये, हा त्यांचा आग्रह फ्रान्समधल्याच मार्सेय शहरातल्या, १९५२ साली पुऱ्या झालेल्या इमारतीतल्या स्वयंपाकघरातही दिसतो.

बाईंचा जन्म १९०३ चा, पॅरिसचा. १९२७ मध्ये त्या वास्तुरचनाकार ल कोर्बुझिए यांच्याकडे (आपलं चंदीगड शहर आखणारे) काम मागायला गेल्या, तर ‘इथे आम्ही उशांवर भरतकाम करत नाही’ असं उत्तर मिळालं. त्याच वर्षी त्यांनी प्रदर्शनात पोलाद आणि ॲल्युमिनियममध्ये घडवलेला मद्यपानाचा बार मांडला. तो पाहिला आणि त्याच गृहस्थांनी त्यांना बोलावून घेतलं! पुढे दहा वर्षं त्या तिथे होत्या. १९४० मध्ये सरकारी निमंत्रणावरून जपानला गेल्या. रिकामी जागा हीसुद्धा घरातली वस्तूच, हे तिथलं शहाणपण मला त्या खोलीत रोज जाणवायचं. लेझ आर्कचं काम त्यांनी हाती घेतलं ते साठी उलटल्यावर.

न्हाणीघराबद्दल सांगायलाच हवं. डोंगरावर बर्फ वितळल्यावरच बांधकाम करता येतं, दिवस थोडे मिळतात. म्हणून ही न्हाणीघरं काचतंतू घातलेल्या पॉलिस्टरची, कारखान्यात साच्यातून काढून आणून बसवलेली. जमीन आणि भिंत यांच्यात कोपराच नाही, नुसता गोल वळसा. फरशीच्या सांध्यात साचणारा काळा मळ पाच महिन्यांत एकदाही घासला नाही. कडेवरून हात फिरवला की धुतलेल्या परातीसारखं गुळगुळीत लागायचं.

खटकलं ते नंतरच्या मालकाने केलेलं. खिडकीखालचा पाइनचा लांब बाक, दिवसा बसायला आणि रात्री निजायला, त्याने अर्धा कापून तिथे जाडजूड सोफा कोंबला होता. सगळी वाट अडायची. धूर ओढणारा पंखाही मोडका. फोडणी दिली की वास गाद्यांपर्यंत. जानेवारीत आम्ही सोफा बाल्कनीच्या दाराशी ढकलला, तेव्हा खोली मोकळी झाली.

मार्चमध्ये एकदा शेजारची दोन कुटुंबं जेवायला आली. आठ माणसं. मी उभी राहून थालीपीठं लावत होते, आणि गप्पांतला एकही शब्द माझा चुकला नाही.