आळं की मडकं?

फाल्गुन सरला की विदर्भातली काळी जमीन भेगाळायला लागते. परसातल्या लहान झाडांना उन्हाळ्यात पाणी कसं द्यायचं, हे तेव्हाच ठरवावं.

आळं सोपं. कुदळीनं गोल ओढा, बादली ओता. पण चैत्राच्या उन्हात वरचं पाणी उडून जातं, काही भेगांतून खाली निसटतं. संत्रा-लिंबाला तर दुहेरीच आळं हवं: खोडाला मातीची भर, पाणी बाहेरच्या कड्यात. खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, धरतो, आणि हातानं वाढवलेलं झाड असं जाताना पाहवत नाही.

मडकं साधं, पाझरणारं घ्या. रंग दिलेलं नको. रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा, डास होऊ नयेत म्हणून झाका. भोवतीची माती सुकेल तसं पाणी झिरपतं आणि मुळं तिकडंच वळतात. आंबा, सीताफळ, लिंबू यांच्या रोपांना मी मडकंच लावेन. पाणी खारं असेल तर मात्र छिद्रं हळूहळू बुजतात, मडकं बदलावं लागतं.

वांगी-भेंडीला सरी बरी. आळं असो की मडकं, कुटाराचा, म्हणजे पिकाच्या वाळल्या भुशाचा, चार बोटं थर हवाच, खोडापासून जरा दूर.