स्ट्रेस विभाग की शॉप फ्लोअर?

विमाने बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत नव्या इंजिनिअरसमोर बहुधा हे दोन रस्ते येतात.

स्ट्रेस विभाग विमानाचे भाग भार पेलतील का, हे गणिताने तपासतो. तिथे सेवाकाळात अपेक्षित असलेला सर्वाधिक भार, म्हणजे लिमिट लोड, १.५ ने गुणून घेतात. त्या भाराखाली मार्जिन, म्हणजे भागाची उरलेली जादा ताकद, शून्याच्या खाली जाता कामा नये. हे गणित फारसे अवघड नसते. वेळ खातो तो अहवाल. भार कुठून घेतला, काय गृहीत धरले, ड्रॉइंगची आवृत्ती कोणती, सगळे लिहायचे, मग तपासनीसाची सही. नेहमीची चूक म्हणजे जुन्या आवृत्तीतले भार वापरणे. मॉडेल बिनचूक, उत्तर निरुपयोगी.

शॉप फ्लोअरवर, म्हणजे विमान जोडतात तिथे, बनवताना झालेल्या चुकांवर तोडगा काढणाऱ्या लिएझन इंजिनिअरकडे काम चालून येते. समजा, ६ मिमी फास्टनरचे (रिव्हेट किंवा बोल्टचे) भोक सरकले. भोकाच्या केंद्रापासून पत्र्याच्या कडेपर्यंत साधारणपणे व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १२ मिमी अंतर हवे, उरले ९. एरवी भोक मोठे करून जाड फास्टनर बसवतात. इथे त्याने कडेजवळचा पत्रा आणखी घटतो, म्हणून पट्टी जोडून भार वळवायचा किंवा भाग बाद करायचा. तोवर जोडणी खोळंबते आणि सुपरवायझर डोक्यावर उभा असतो. तरी तोंडी ‘चालेल’ म्हणू नये. निकाल लेखीच द्यावा, स्ट्रेसच्या सहीसह.

आधी शॉप फ्लोअर घ्यावा. ड्रिल कुठे शिरत नाही हे पाहिलेला माणूस नंतर स्ट्रेसमध्ये गेला की अशक्य दुरुस्त्या सुचवत नाही. मात्र शिफ्ट आणि गोंगाट सोसत नसेल, तर थेट स्ट्रेस.