खिशातलं मार्ककृत शुभवर्तमान: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून सकाळची वाशी लोकल पकडणाऱ्या आम्ही पाच-सहा जणी आहोत. त्यातल्या एका काकूंनी गेल्या पावसाळ्यात मला विचारलं, “अगं, तुमच्यात शुभवर्तमान म्हणतात, ते म्हणजे काय गं?” मी म्हटलं, “काकू, येशूच्या जीवनावरची चार पुस्तकं. मत्तय, मार्क, लूक, योहान.” काकू म्हणाल्या, “ते झालं. पण वर्तमान म्हणजे बातमीच ना? वर्तमानपत्रातलं वर्तमान. मग बातमी काय आहे?”

माझा जन्मच ख्रिस्ती घरातला. आजोबा नगरकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच होते. संडे स्कूलची वचनं अजून तोंडपाठ आहेत, उपासनेतली गीतं मी पुस्तक न उघडता म्हणते. आणि रबाळे येईपर्यंत मला त्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. तारण म्हणाले, पापक्षमा म्हणाले, देवाचं प्रेम म्हणाले. काकू मान हलवत होत्या, पण यातलं काहीच ‘बातमी’ म्हणून सांगता येत नव्हतं, हे माझं मलाच कळत होतं.

त्याच महिन्यात नगरला गेले तेव्हा ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून मार्ककृत शुभवर्तमानाची सुटी पुस्तिका घेतली. घरी पूर्ण पवित्र शास्त्राच्या तीन प्रती आहेत, पण गर्दीत एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने तो ग्रंथ, हे जमत नाही. ही तळहाताएवढी. मार्कच का, तर चौघांत सगळ्यात लहान, १६ अध्यायांचं. ठाण्याहून निघालं की दिघा गाव, ऐरोली, रबाळे. तेवढ्या वेळात एक उतारा शांतपणे होतो. परतीच्या गाडीत तोच उतारा पुन्हा. या आठ महिन्यांत संपूर्ण मार्क तीनदा वाचून झालं.

आधी वस्तूबद्दल. टाईप बारीक आहे, चाळिशी लागलेल्यांना चष्म्याशिवाय जमणार नाही. कागद इतका पातळ की लाल पेन मागे फुटतं. समासात काही लिहायला जागाच नाही. तिसऱ्या महिन्यात मधल्या पिना सुटल्या, तेव्हापासून सेलोटेपवर चाललंय. ओव्यांचे, म्हणजे वचनांचे, आकडे मजकुरातच घुसवले आहेत, त्यामुळे गोष्ट म्हणून वाचायला बसलं की नजर अडखळते. टिपा एकही नाहीत. यातली शेवटची गोष्ट सुरुवातीला खटकली, पण माझ्या बाबतीत ती उपयोगी पडली, कारण अर्थ सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्या वाचनात मी फक्त ‘सुवार्ता’ हा शब्द लाल केला. मुखपृष्ठावर शुभवर्तमान आहे, आत सुवार्ता; मूळ ग्रीक शब्द एकच, युआंगेलिओन, म्हणजे चांगली बातमी. मार्कमध्ये तो सात वेळा येतो आणि शेवटच्या कंसातल्या भागात आठव्यांदा. त्यातला पहिल्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीतला मी आधी शेकडो वेळा ऐकला असेन. येशू गालीलात येऊन सांगतो की काळ भरला आहे, देवाचं राज्य जवळ आलं आहे, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. मी आयुष्यभर या ओवीतलं ‘करा’ आणि ‘ठेवा’ एवढंच ऐकलं होतं. त्याच्या आधी काहीतरी घडल्याचं सांगितलंय, तिकडे लक्षच गेलं नव्हतं. गावात दवंडी पिटतात तेव्हा आधी काय झालं ते सांगतात, आणि मग लोकांनी काय करायचं ते. मला घरात, वर्गात, प्रवचनांत दवंडीचा दुसरा भाग मिळत राहिला. चांगलं वागा, प्रार्थना करा, कमाईचा दहावा भाग चर्चला द्या. सल्ला चांगलाच होता. बातमी नव्हती.

मग थोडं इकडचं-तिकडचंही वाचलं. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाच्या जुन्या शहरात इसवी सनापूर्वी ९ या वर्षाचा एक शिलालेख सापडलेला आहे. त्यात रोमच्या ऑगस्टस सम्राटाचा जन्मदिवस हा जगासाठी ‘शुभवार्तांचा’ आरंभ म्हटलाय, आणि शब्द हाच वापरलाय. हा सम्राट स्वतःला देवाचा पुत्र म्हणवत असे. हे कळल्यावर मार्कची पहिलीच ओवी, ‘देवाचा पुत्र येशू ख्रिस्त’ याच्या सुवार्तेचा प्रारंभ सांगणारी, मला वेगळी ऐकू आली. राजा कोण, याची ही बातमी आहे. पंधराव्या अध्यायात वधस्तंभासमोर उभा असलेला रोमी शताधिपती, शंभर शिपायांचा नायक, येशूला देवाचा पुत्र म्हणतो. म्हणजे सम्राटाचाच शिपाई, आणि तेही तो माणूस कसा मेला ते बघून. ही दोन टोकं जुळली तेव्हा मी ऐरोलीला गाडी थांबलेली असताना पुस्तिका मिटून नुसती उभी होते.

‘पश्चात्ताप’ या शब्दाशीही बरेच दिवस झगडले. आपल्या शब्दात ताप आहे, मागाहून होणारी जळजळ. ग्रीकमधला मेटानोइया म्हणजे मन पालटणं. जुन्या कराराच्या हिब्रूत तर साधं ‘परत फिरणं’ आहे. मी लहानपणापासून जळत राहण्यालाच पश्चात्ताप समजत आले. वळायचं असतं आणि चालायला लागायचं असतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. माझा धाकटा भाऊ किडनीच्या आजाराने गेला. शेवटच्या वर्षी आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही नवी मुंबईतल्या एका मोठ्या प्रार्थनासभेला जायला लागलो. तिथे सुवार्ता म्हणजे बरं होणं, नोकरी लागणं, घर होणं. भाऊ बरा होईना, तेव्हा तिथल्या प्रचारकाने माझ्या आईला सर्वांसमोर सांगितलं की तुमच्या घरात विश्वास कमी पडतोय. आईने त्यानंतर किती उपास केले ते मी मोजले नाहीत. भाऊ गेल्यावर ती सहा महिने उपासनेला आली नाही. “माझ्यामुळे गेला,” एवढंच म्हणायची.

त्या प्रचारकाकडे वचन होतं, हे मी नाकारत नाही. सहाव्या अध्यायात नासरेथच्या, त्याच्या स्वतःच्याच गावच्या, लोकांच्या अविश्वासाचं येशूला आश्चर्य वाटतं, आणि मोजके रोगी सोडले तर तिथे त्याला काही करता येत नाही. पण त्याच पुस्तिकेत चार पानं पुढे नववा अध्याय आहे. आजारी मुलाचा बाप ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्धाच विश्वास. आणि मुलगा बरा होतो. येशू त्याला ‘आधी विश्वास पुरा करून ये’ म्हणत नाही. आणि मग चौदावा अध्याय, गेथशेमाने बाग. तिथे पकडला जाण्याआधी येशू स्वतः जमिनीवर पडून देवबापाला विनवतो की हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, माझ्यापासून दूर कर. प्याला दूर होत नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं आजवर कुणी म्हटलंय का? हे पान मी आईला रविवारी दुपारी वाचून दाखवलं. तिने पुस्तिका हातात घेतली, चष्मा नव्हता म्हणून नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

भाऊ का गेला, याचं उत्तर मला मार्कमध्ये मिळालेलं नाही. पण विश्वास हा भरायचा हप्ता नाही आणि बरं होणं ही त्याची पावती नाही, एवढं आता मी कुणालाही तोंडावर सांगू शकते.

१६ पैकी शेवटचे सहा अध्याय यरुशलेमेतल्या एकाच आठवड्याचे आहेत, तेव्हा मार्कला बातमीचा गाभा कुठे वाटतो ते पुस्तकाच्या बांधणीतच दिसतं. पहिल्या काळातला प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून सुवार्ता सांगतो ती ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला अशी. येशू सांगतो ती देवाच्या राज्याची. या दोन वेगळ्या बातम्या आहेत की काय, हे मला बरेच महिने टोचत होतं. राजाचं राज्य वधस्तंभावरूनच सुरू होतं, असं वाचल्यावर ते टोचणं थांबलं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आठेक वर्षांनी कळल्याचं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे त्यांनी मूळ भाषांवरून पूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापून झालं. इतक्या विदुषीला आठ वर्षं लागली, हे वाचून मला धीर आला.

ही पुस्तिका घ्यावी का? जन्मापासून चर्चमध्ये असलेल्यांनी जरूर घ्यावी, आणि शक्यतो सलग वाचावी. मोठ्याने वाचलं तरी दीड-दोन तासांत संपतं. डोळ्यांचा त्रास असेल तर मोठ्या टाईपची प्रत शोधा, आईसाठी मी तशीच घेतली. एक सूचना मात्र हवीच होती: १६ व्या अध्यायाच्या ९ ते २० या ओव्या कंसात का, हे कुठेच सांगितलेलं नाही. कोडेक्स सिनाइटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्क आठव्या ओवीलाच संपतं. कबर रिकामी बघून बायका थरथरत पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत.

काकूंना मी उत्तर दिलं ते परवा. म्हटलं, “काकू, बातमी अशी आहे की देव राजा झालाय, आणि तो दुखणाऱ्याच्या शेजारी येऊन बसणारा राजा आहे, मरणातसुद्धा.” त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि ही बातमी पहिल्यांदा कुणाला कळली?” मी शेवटचं पान उघडून त्या बायकांचं वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, “त्या बोलल्याच नाहीत, तर मग तुझ्यापर्यंत आली कशी?” आम्ही बोलत राहिलो. रबाळे, घणसोली मागे पडलं, आणि मी कोपरखैरणेला उतरले.