खवले किडीवर फवारणीचं खनिज तेल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

फायकसच्या दोन झाडांखालची फरशी पायाला चिकटायला लागली आणि पानांवर काजळी धरली, तेव्हा मला तो बुरशीचाच रोग वाटला. बुरशीनाशक मारण्यात दोन आठवडे गेले. खरं दुखणं पानांच्या मागे, शिरेला धरून बसलं होतं: चपटे, तपकिरी, जागचे न हलणारे खवले. ही कीड रस शोषते आणि गोड चिकटा सोडते. काजळी वाढते ती त्या चिकट्यावर. कीड हटल्याशिवाय ती जात नाही.

तेलाची पहिली फवारणी घाईत, वरच्या वर केली. काहीच फरक पडला नाही आणि मी तेलाला नावं ठेवली. पण तेल किडीला गुदमरवून मारतं, अंगावर पडलं तरच. मागे त्याचा असर उरत नाही. शिवाय मोठी मादी चिवट असते, नाजूक असतात ती नुकती बाहेर पडलेली, रांगणारी पिल्लं. मग मी फांद्यांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळली आणि रोज भिंगातून बघू लागलो. एका सकाळी टेपवर फिकट पिवळे ठिपके दिसले, पाय असलेले! त्याच दिवशी लिटरला 10 मिली तेल घेऊन पानांच्या मागून, फांद्यांच्या बेचक्यांतून झाड न्हाऊ घातलं. बारा दिवसांनी पुन्हा. तिथून फरक सुरू झाला.

मेलेले खवले महिनोन् महिने चिकटूनच राहतात, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. नखाने दाबा. ओलं फुटलं तर जिवंत, कोरडा भुगा झाला तर मेलेलं. काही खवल्यांना गोल भोकं दिसली. ती परजीवी गांधीलमाशीची. अशी फांदी मी फवारत नाही, तिथलं काम ती करतेच आहे. मुंग्या मात्र रोखायलाच हव्यात, चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात. खोडाला आधी कागदी पट्टी आणि तिच्यावर चिकट लेप लावला. लेप थेट सालीवर नको.

एकदा कडक उन्हात, पाणी न दिलेल्या झाडावर फवारलं आणि पानांच्या कडा करपल्या. गंधकाच्या फवारणीनंतर महिनाभर तर तेल नकोच. पंप सारखा हलवावा लागतो, उंच शेंड्यापर्यंत फवारा पोचत नाही, ही या तेलाची खरी अडचण.

मुळाशी इमिडाक्लोप्रिड हे झाडात भिनणारं कीटकनाशक ओतायचा सल्लाही मिळाला होता. या मऊ खवल्यांवर ते चालतं, कडक कवचाच्या बहुतेक जातींवर फारसं नाही. पण शेजारीच फुलझाडांची रांग आहे. ते मुळांतून परागात उतरलं तर मधमाश्यांचा जीव जाईल, म्हणून नाही म्हटलं.

आज एक झाड स्वच्छ आहे, नवी पालवी चकाकतेय. दुसऱ्याच्या आतल्या फांद्यांवर नखाखाली अजून ओल लागते. तिथे टेप पुन्हा गुंडाळली आहे.