जमिनीच्या बदल्यात काय: रोख मोबदला की विकसित भूखंड?

प्रकल्पासाठी जमीन जाणार असेल, तर गावकऱ्यांपुढे साधारण दोन वाटा असतात.

पहिली 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याची. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत रक्कम मिळू शकते. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सर्वांत मोलाचं म्हणजे, सातबाऱ्यावर नाव नसलेला, पण त्या शेतावर तीन वर्षं राबून पोट भरणारा मजूरही इथे बाधित ठरतो.

दुसरी वाट नवी मुंबईची, साडेबारा टक्क्यांची: शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. ती कोणी दान दिलेली नाही. जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले, त्या लढ्यातून ती आली. एकराचा हिशेब मांडा: चाळीस गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी 30 टक्के कापले की हातात साडेतीन गुंठे. कमी वाटतात ना? पण शहर वाढलं की त्यांची किंमतही वाढते, आणि मूळ माणूस त्याच शहरात मालक म्हणून राहतो. नवी मुंबई विमानतळासाठी जमीन गेलेल्यांनी तर साडेबावीस टक्के मिळवले.

माझं मत भूखंडाच्या बाजूने आहे, पण ताबा वेळेत मिळणार असेल तरच. भूखंडासाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यात एक पिढी गेली, की तो बिल्डरलाच विकला जातो. आणि भूमिहीन कुटुंबासाठी 2013 चा कायदाच भक्कम.