६७एन रिले: अंबडमध्ये एक पावसाळा काढल्यानंतर

६७एन म्हणजे अर्थ फॉल्टची (वीज जमिनीकडे जाण्याच्या दोषाची) दिशा ओळखून ब्रेकर पाडणारा रिले. मांडणी अशी: ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर, न्यूट्रलवर ४०० अँपिअरचा एनजीआर (न्यूट्रल आणि जमिनीमधला, फॉल्टचा करंट मर्यादित ठेवणारा रोधक), तिथून आतल्या सबस्टेशनपर्यंत दोन समांतर ११ केव्ही केबली. पूर्वी एका केबलवर अर्थ फॉल्ट आला की दोन्ही इनकमर (सबस्टेशनचे आत येणारे ब्रेकर) पडायचे. फॉल्टचा करंट चांगल्या केबलमधून आतल्या बसवर येतो आणि तिथून उलटा दोषी केबलमध्ये शिरतो. साध्या ५१एन रिलेला (तो फक्त करंट मोजतो, दिशा नाही) त्यातला फरक कळतच नाही. म्हणून आतल्या टोकाला दिशा ओळखणारे न्यूमेरिकल रिले बसवले, रोख केबलकडे. पावसात ट्रेंच भरले, जॉइंट गेला, पण या वेळी तेवढीच केबल सुटली आणि प्लांट दुसरीवर चालू राहिला. पैसे वसूल.

सेटिंग ३० अँपिअर, ०.१५ सेकंद, मूळ टोकाला (ट्रान्सफॉर्मरकडे) ०.४५. मूळ टोकापासून पहिल्या १५ टक्के लांबीत फॉल्ट झाला तर आतल्या टोकाकडे ३० अँपिअर पोचतच नाहीत. तिथे आधी मूळ ब्रेकर उघडतो, मग सगळा करंट आतून फिरतो आणि आतला रिले उचलतो (काम करू लागतो). रेकॉर्डमध्ये हा क्रम दिसला तर घाबरू नका, तो बरोबर आहे.

अँगल (व्होल्टेज आणि करंटमधला कोन, ज्यावरून रिले दिशा ठरवतो) मात्र कारखान्यातून आला तसा ठेवू नका. आमच्या रिलेत -४५ अंश होता, तो सॉलिड अर्थिंगसाठी (न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेलं असतं तेव्हा). एनजीआरवर ० हवा. निरोगी केबलचा चार्जिंग करंट (केबलच्या कपॅसिटन्समुळे वाहणारा) रिलेच्या संदर्भ व्होल्टेजच्या ९० अंश मागे असतो, म्हणजे -४५ च्या सेटिंगला तो सरळ फॉरवर्ड झोनमध्ये (रिले ट्रिप देतो त्या बाजूला) पडतो. ० ठेवला की तो सीमेवर जातो. उरलेलं काम पिकअपचं, म्हणजे ज्या करंटला रिले उचलतो त्या सेटिंगचं. अशा ११ केव्ही केबलला किलोमीटरला साधारण अडीच-तीन अँपिअर धरा आणि पिकअप त्याच्या बराच वर ठेवा.

खरी नाजूक जागा ओपन डेल्टा, म्हणजे पीटीची (व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) तिन्ही फेजची साखळीत जोडलेली वाइंडिंग, जिथून रिलेला व्होल्टेज मिळतं. निरोगी स्थितीत तिथे जवळपास शून्य व्होल्ट, आणि वायर सुटली तरी शून्यच! फ्यूज-फेल अलार्म फेज व्होल्टेज बघतो, त्याला हे कळत नाही. फॉल्टच्या वेळी ११०/३ च्या वाइंडिंगवर ११० व्होल्टपर्यंत यायला हवेत, ते आले नाहीत तर रिले गप्प बसतो. रिलेच्या स्क्रीनवर चालू लोडला काही दशांश व्होल्ट दिसत असतील तर सर्किट शाबूत आहे. ठणठणीत शून्य दिसलं तर टर्मिनल तपासा. पीटी तीन लिंबचा (लोखंडी गाभ्याला तीनच पाय असलेला) असेल तर हा रिले घेऊच नका. पाच लिंबचा किंवा तीन सिंगल फेज पीटी लागतात.

दिशा लोडवर तपासता येते. ओपन डेल्टातलं आर फेजचं वाइंडिंग सोडवून उरलेल्या दोघांची साखळी जोडा, वाय आणि बी फेजचे सीटी (करंट मोजणारे ट्रान्सफॉर्मर) टेस्ट ब्लॉकवर आधी शॉर्ट करा (सीटी उघडा कधीच ठेवायचा नाही), ट्रिप लिंक काढा. लोड केबलकडून बसकडे येत असेल तर रिव्हर्स दिसलं पाहिजे. फॉरवर्ड दिसलं तर डीए-डीएन (ओपन डेल्टाची दोन टोकं) किंवा सीटीची पोलॅरिटी उलटी आहे. दोन्ही एकदम उलटवू नका, चूक तशीच राहते.

सीबीसीटी (अख्ख्या केबलभोवती बसणारा कडीसारखा सीटी) वापरत असाल तर आर्मरची (केबलवरच्या धातूच्या आवरणाची) अर्थ वायर त्यातून परत मागे घ्या आणि ग्लँड (केबल पकडून ठेवणारा भाग) पॅनेलच्या प्लेटपासून इन्सुलेटेड ठेवा. नाहीतर आर्मरमधून परतणारा करंट फॉल्टच्या करंटमधून वजा होतो आणि रिले उशिरा उचलतो, कधी उचलतच नाही.

तक्रार एकच: मॅन्युअलमध्ये अँगलची खूण (+ की -) समजावणारी आकृती नाही. पुरवठादाराकडून ती लेखी मागून घ्या, कमिशनिंगच्या आधी.